थोरलीची चव

आमच्या समोरच्या रंगारीण वहिनींचे हात मनगटापर्यंत निळे होते, आणि ते तसे का आहेत हे परक्या माणसाला सांगायचा मान गल्लीत माझा होता. मी शिंपी. शिंप्याच्या दुकानाला खिडकी असते, खिडकीसमोर कुणाचं तरी अंगण असतं, आणि त्या अंगणात काय चाललंय हे न बघता सुई ओवणारा शिंपी अजून जन्माला यायचाय. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, की बाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याचा गळा धरला, नवरा निळा पडला आणि तो रंग हाताला लागला तो लागलाच. यावर सगळ्यांत मोठ्यानं हसायचा तो त्यांचा नवराच. माझा जिवाभावाचा दोस्त. कामाला आळशी, हसायला तरबेज.

वहिनी अंगणातूनच म्हणायच्या, "भावोजी, तुमची जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते. कात्रीला निदान अधूनमधून धार लावावी लागते."

त्यांच्या अंगणात पत्र्याखाली तीन रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले होते. निळीचं असं आहे, की तिच्या वड्या नुसत्या पाण्यात कालवल्या तर कापडाला काही होत नाही, फक्त पाणी घाण होतं. रांजणातलं पाणी जिवंत लागतं. त्याला कोंडा खायला घालायचा, ऊब द्यायची, ते आंबू द्यायचं, आणि फार आंबू नये म्हणून वरून चुना घालायचा. चुना कमी पडला तर रांजण सडतो, जास्त झाला तर मरतो. दोन्हींच्या मधे जी काय चिमूटभर जागा आहे, तिथे तो जगतो. मग त्यात पांढरं कापड बुडवा. बाहेर येतं ते पोपटासारखं हिरवं, आणि तुम्ही 'अरे, हे तर हिरवं' म्हणेपर्यंत वाऱ्यानं निळं व्हायला लागतं. तीन बुड्यांचं कापड आभाळासारखं, सात बुड्यांचं शाळेच्या शाईसारखं, आणि सोळा बुड्यांचं असं, की काळं म्हणावं तर उन्हात लबाडी उघडी पडते. त्यावर पांढरे ठिपके. जिथे ठिपका हवा तिथे आधी ठशानं चिकणमातीचा लेप लावायचा, म्हणजे तिथे रंग शिरत नाही. ठसे मारणं हे माझ्या दोस्ताचं काम. त्याचा एक ठिपका दुसऱ्याच्या ओळीत कधी उभा राहिला नाही, आणि तरी त्याला मागणी होती.

हे कापड म्हणजे आमची ओळखच होती. नवं असताना त्याचा रंग अंगाला लागतो. आमच्या इकडच्या बायकांच्या मानेवर निळसर कड असायची, घासून न जाणारी. परमुलखात, दवाखान्याच्या रांगेत, एखाद्या अनोळखी बाईच्या मानेवर ती कड दिसली की आमची माणसं थेट विचारत, "कुठल्या गल्लीतल्या?" गाव विचारायची गरज नसे. आता कारखान्यात छापलेलं येतं, ठिपके रेषेत असतात, रंग लागत नाही. लोक यालाच चांगुलपणा म्हणतात.

तिन्ही रांजणांत सगळ्यांत जुना होता त्याचं नाव थोरली. बाकीचे दोन अधूनमधून मरायचे. मग धुऊन पुसून त्यांत थोरलीतलं तांब्याभर पाणी विरजणासारखं घातलं की आठवड्याभरात पुन्हा उठायचे. थोरली मात्र कधी मेली नव्हती. वहिनींच्या सासूच्या सासूनं तिला अशीच आपल्या सासूकडून घेतली होती.

आणि थोरलीचं मन ओळखायचं ते जिभेनं. रोज सकाळी चूळ भरून, अजून पाण्याचा घोटसुद्धा पोटात गेलेला नसताना, बोट बुडवून जिभेला लावायचं. आंबट लागली तर चुना मागते, चुरचुरली तर चुना पुरे, कोंडा दे. डोळ्यांनाही कळतं, वरचा तांबूस तवंग विटतो, पाणी गढुळतं. पण डोळ्यांना कळतं ते दोन दिवसांनी. जिभेला त्याच दिवशी.

म्हणून वहिनींच्या सासूनं सून केली ती जीभ बघून. रंग नाही, नाक नाही, स्वयंपाक नाही. मुलीसमोर पाण्याच्या तीन वाट्या ठेवल्या. एकीत कणभर चुना होता, एकीत दोन थेंब आंबलेलं पाणी, तिसरीत नुसतं पाणी. सतरा वर्षांच्या मुलीनं तिन्ही चाखल्या आणि म्हणाली, "हिच्यात चुना आहे, ही आंबलीय, आणि ही तिसरी वाटी तुम्ही नीट धुतलेली नाही." सासूनं तिथल्या तिथे होकार दिला. माझा दोस्त म्हणायचा, "तिनं मला पसंत केलं का, हे आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही."

वहिनींची जीभ अशी होती. आमच्या घरी चहा घेतला तर त्या दूध कालचं की आजचं सांगायच्या, आणि ते कुणासमोर सांगू नये हे त्यांना कधी कळलं नाही. आमची मंडळी त्या आल्या की घाबरून दोनदा भांडी घासायची.

दोस्त गेला. कारखान्याचं कापड आलं. वहिनींनी दोन रांजण बंद केले, त्यांत पावसाळ्यात बेडूक राहायला आले. थोरली तेवढी राहिली. मुलगा बसवर ड्रायव्हर झाला आणि त्यानं आपल्या मनानं लग्न केलं. मुलगी पलीकडच्या पेठेतल्या बेकरीवाल्याची. तीन वाट्या मांडायला वहिनींना कुणी संधीच दिली नाही, आणि हे त्यांनी कधी विसरू दिलं नाही. "पावाची पोरगी," म्हणायच्या. "पाव फुगला नाही तर दुसरा भाजता येतो. इथे तसं नाही." सून हसून घ्यायची. कामाला चपळ, बोलायला कमी. मातीचे ठिपके ती मारायची, सासऱ्यापेक्षा सरळ. धुवायचं कापड पिळून द्यायची. पण थोरलीपासून तीन हात लांब. तिथे वहिनींनी विटेनं जमिनीवर एक रेघच ओढली होती.

मी सुनेला चिडवायचो, "अगं, सासूबाईंनी तुला नाही, रांजणाला सून करून आणलंय."

"मग मी जाऊ तिची," ती म्हणायची. "धाकटी जाऊ. मानानं राहते."

मग एका वर्षी सगळ्या गल्लीत तापाची साथ आली. वहिनी सतरा दिवस पडून होत्या. उठल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या, पण उठल्या त्या दिवशी सकाळी बोट थोरलीत घातलं, जिभेला लावलं, जरा वेळ उभ्या राहिल्या आणि चुन्याचा डबा उघडला. मी खिडकीतून बघितलं. म्हटलं, चला, सुटलो.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. वहिनी आणि सून आमच्याकडे बसल्या होत्या. आमच्या मंडळींनी गडबडीत चहात साखरेऐवजी मीठ घातलं. सुनेनं एक घोट घेतला आणि कप हळूच खाली ठेवला. मी तर अंगणात पळालो. वहिनींनी अख्खा कप संपवला आणि म्हणाल्या, "आज छान झालाय."

आम्ही दोघं चार दिवस हसत होतो. मी गल्लीभर सांगितलं, की तापानं बाई सुधारल्या, लोकांची मनं राखायला शिकल्या. फक्त सून हसली नव्हती. ती वहिनींच्या तोंडाकडे बघत राहिली होती. हे मला दिसलं होतं, आणि मला दिसतं त्याचा अर्थ मला लागतोच असं नाही.

पुढची दोन वर्षं थोरली अशी काही जोमात होती, की काय सांगू. तवंगाला तांब्याच्या भांड्यासारखी झळाळी. सोळा बुड्या लागायच्या तिथे तेरांत काम व्हायला लागलं. मग कुठल्याशा सरकारी खात्याच्या बाई आल्या, फॉर्म घेऊन. वारसा म्हणून नोंद करायची होती.

"ही कला आपल्या घराण्यात किती पिढ्यांपासून आहे?"

"मी सातवी," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे आई, आजी, पणजी..."

"माझी आई भाजी विकायची. मी सातवी सून. हे सासूकडून सुनेला जातं. मुली जातात दुसऱ्यांच्या घरी, त्यांना काय देणार?"

बाईंच्या फॉर्मात 'वडिलांकडून' आणि 'आईकडून' एवढेच दोन चौकोन होते. त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग विचारलं, "आणि आठव्या?" दारात सून उभी होती. वहिनींनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "बघू."

फोटोसाठी त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि ऐटीत म्हणाल्या, "चुना मागतेय," आणि दोन पळ्या भरून घातल्या. मला जरा नवल वाटलं. पूर्वी त्या चिमटीनं घालायच्या. पण फोटोत पळी चांगली दिसते, असं म्हणून मी सोडून दिलं.

त्यानंतर मी जरा जास्त लक्ष ठेवायला लागलो. सवय. रोज सकाळी वहिनी रंगवलेलं कापड धुवायला नळाच्या हौदावर जायच्या. त्या वळल्या रे वळल्या, की सून विटेची रेघ ओलांडून जायची, थोरलीत बोट घालायची, जिभेला लावायची. मग आत जाऊन पदराआड काहीतरी आणायची, रांजणात टाकायची, हलक्या हातानं ढवळायची आणि रेघेबाहेर यायची. एक दिवस नाही, रोज. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. अशी बातमी शिंप्याला दहा वर्षांतून एकदा मिळते.

मी ती आठवडाभर पोटात ठेवली, हे माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे. आठव्या दिवशी हौदावर पाच-सहा बायका होत्या, वहिनी कापड आपटत होत्या, आणि मी कापडाचा गठ्ठा घेऊन तिथून चाललो होतो.

"वहिनी," मी म्हणालो, "तुम्ही इकडे आलात की थोरलीला दुसरीच सासू येते बरं का. रोज बोट घालून चव घेते. पावात घालायचा विचार दिसतोय."

बायका हसल्या. वहिनींचा हात थांबला. त्यांनी कापड पिळलं नाही, तसंच गळतं बादलीत टाकलं आणि निघाल्या. तेव्हाही मला वाटलं, आता मजा येणार. मी दुकानात जाऊन खिडकीशी बसलो.

"थोरलीत बोट घातलंस?"

"घातलं, आई."

"का?"

सुनेनं बोट पदराला पुसलं.

"माझ्या पाठीमागे माझ्या रांजणाची चव बघतेस. कशाला? मला कळत नाही?"

"तसं नाही."

"मग कसं?"

सून म्हणाली, "मला आवडते ती चव."

ती चव जगात कुणालाही आवडत नाही. कुजलेला पाला, भिजलेला कोंडा आणि भिंतीचा चुना, असा तिचा प्रकार. मी एकदा पैजेवर चाखली होती, दोन दिवस भाकरी गोड लागली नाही. पोरगी धडधडीत खोटं बोलत होती, आणि ते खोटं पकडायला जी जीभ लागते ती अंगणात फक्त तिच्याच तोंडात होती.

वहिनी म्हणाल्या, "माझी जीभ शाबूत आहे तोवर या घरात दुसरी जीभ नको."

सुनेनं मान खाली घातली. आता कळतं, की त्या क्षणी त्या दोघींनाही खरं काय ते ठाऊक होतं. एकीला वाटत होतं, की दुसरीला ठाऊक नाही. दुसरी तोच समज जपत उभी होती.

मुलाच्या बदलीचं कधीपासून चाललं होतं, दुसऱ्या डेपोत, आठ तासांवर. तो आईसाठी टाळत होता. या भांडणानंतर त्यानं होकार दिला. निघायच्या दिवशी सामान रिक्षात गेलं आणि सून रेघेशी येऊन उभी राहिली.

"आई, तांब्याभर द्याल का थोरलीतलं? तिकडे एखादं पिंप बसवीन म्हणते."

"थोरली वाटायला नाही."

"बरं." मग म्हणाली, "चुन्याचा डबा भरून ठेवलाय. चुना नवा आहे, आई, फार कडक आहे. चिमटीनंच घाला. रोज नका घालू."

"तू मला शिकवणार?" वहिनी म्हणाल्या. त्यांनी डबा उचलला आणि तिच्यादेखत दोन पळ्या भरून थोरलीत ओतल्या. सून एक पाऊल पुढे आली होती. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. ती मागे फिरली.

थोरली जुनी, दणकट. पंधरा दिवस तग धरला तिनं. वहिनी रोज चाखायच्या, रोज घालायच्या, दोन पळ्या. आधी तवंग विटला, मग फाटला. पाणी राखाडी झालं. कापड पांढरं आत जायचं, पांढरं बाहेर यायचं, ओलं होऊन. वहिनींनी कोंडा घातला, रांजणाला गोधड्या गुंडाळल्या, दिवसभर हात आत घालून बसल्या. जुनं विरजण कुठे उरलं होतं? दुसऱ्या रांजणांत बेडूक.

विसाव्या दिवशी त्या माझ्या दुकानात आल्या. हातात चुन्याचा रिकामा डबा. स्टुलावर बसल्या आणि डबा माझ्यापुढे ठेवला.

"भावोजी, तुमची नजर बारीक कामाची. झाकणाच्या दुमडीत काय आहे बघा."

मी सुईनं टोकरून काढलं. पांढरी कडक खपली, आणि खपलीत चिकटलेले दोन मेलेले किडे. पिठात होतात तसले, तपकिरी.

"किडे आहेत," मी म्हटलं.

"चुन्यात किडा होतो?"

"नाही होत."

"मग हे काय आहे?"

मी खपली जिभेला लावली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला नजर उचलवेना. "मैदा आहे, वहिनी."

त्या खिडकीतून आपल्याच अंगणाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तापातून उठले त्या दिवसापासून मला काही लागत नाही. ना आंबट, ना खारट. वाससुद्धा नाही. म्हटलं, अंदाजानं निभेल. निभलं. दोन वर्षं निभलं. मला वाटलं, हाताला कळतंय." त्यांनी डबा उचलून उपडा केला. "मी दोन वर्षं मैदा घालत होते."

चुना आणि मैदा दिसायला सख्ख्या बहिणी. चुन्याच्या डब्यात मैदा, आणि खरा चुना स्वयंपाकघरात मैद्याच्या डब्यात. सासू हवं तेवढं घालो, थोरलीला बाधणार नाही. मग सून चाखून, लागेल तेवढा खरा चुना घालणार. अंदाज चुकतच होता, पण चूक दिसत नव्हती, आणि न दिसलेल्या चुकीनं हात सैल होत गेला, चिमटीची पळी झाली, एकीच्या दोन. जाताना पोरीपुढे दोनच वाटा होत्या. मैदा ठेवावा तर चुन्यावाचून रांजण आठवड्यात सडणार. चुना ठेवावा तर सासूचा हात. हे सगळं सुनेनं नंतर आमच्या मंडळींना सांगितलं, तेही खोदून खोदून विचारल्यावर.

मुलाला फोन मी केला. सून एकटी आली, सकाळच्या बसनं. बॅग ओट्यावर ठेवली आणि सवयीनं रेघेशी थांबली. वहिनींनी पायानं ती रेघ पुसायचा प्रयत्न केला. विटेची रेघ, इतक्या वर्षांची, पुसली जाईना. मग त्या बाजूला झाल्या.

सून थोरलीजवळ बसली. बोट बुडवलं, जिभेला लावलं. वहिनी तिच्या तोंडाकडे बघत होत्या, डॉक्टरकडे बघतात तशा.

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं. उभ्या जन्मात हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नसेल.

सुनेनं पुन्हा एकदा चाखलं. खोटं बोलायची तिला सवय होती, त्या दिवशी तिनं ती मोडली. "गेली, आई."

वहिनींनी मान हलवली. कोपऱ्यातला तांब्या भरून आणला आणि तिच्या हातात दिला. "चूळ भर. चुन्यानं जीभ भाजते." मग म्हणाल्या, "जपायला हवी ती."

सुनेनं चूळ भरली. त्या तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि पांढऱ्या झंपरावर बोटांचा डाग उमटला नाही. पूर्वी उमटला असता.

वहिनी पुढे वर्षभर होत्या. मुलगा-सून न्यायला आली होती, गेल्या नाहीत. सून नवा रांजण बसवते म्हणाली. म्हणाल्या, तू बसव, तुझ्या घरी, तुझ्या जिभेनं, पण त्याला थोरली म्हणू नकोस. ती बसवायचा प्रयत्न करते आहे अजून. दोनदा सडला.

कातडीचा रंग महिन्या-दोन महिन्यांत गेला. नखांतला गेला नाही. नख मुळापासून वाढतं, तसा पांढरा चंद्र खालून वर सरकत होता आणि निळं टोकाला जात होतं. दर पंधरा दिवसांनी त्या माझ्याकडे येऊन लहान कात्री मागायच्या, खिडकीशी बसून नखं कापायच्या आणि कापलेले तुकडे मुठीत घेऊन जायच्या. शेवटी एका अंगठ्याला जवसाच्या दाण्याएवढं निळं उरलं. ते त्यांनी कापलं नाही.

मी त्यांच्याकडून एका वाक्याची वाट बघत होतो. हौदावरच्या त्या सकाळबद्दलचं. ते आलं की मी ऐकून घेणार होतो, पाय धरणार होतो. वर्षभर आलं नाही. मीच शेवटी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी बोललो नसतो तर..."

"भावोजी," त्या म्हणाल्या, "तुमची जीभ शाबूत आहे ना?"

"आहे."

"मग ती चालवा. गल्लीत सांगा, हौदावर सांगा, गिऱ्हाइकांना सांगा. दोन वर्षं थोरली त्या पोरीनं जगवली. फॉर्मात नाव माझं आहे. तुम्ही तोंडानं सांगा."

तेव्हापासून कुणी निळ्या हातांचं विचारलं, की मी गळा धरल्याची थाप मारत नाही. हे सांगतो. आठवी सून बेकरीवाल्याची होती, आणि तिच्या हाती काही दिलं गेलं नाही.